डावीकडून तिसरी

१

कार्टूनवाल्या बाईंनी कार्ड काउंटरवर आपटलं नाही. आपटलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी ते रुमालात गुंडाळून आणलं होतं. रुमाल उलगडून त्यांनी ते हळूच मांडलं आणि दुकानातल्या सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "यातली चांगली चिप काढून कुणीतरी जुनी डकवली आहे. तुमच्यात चोर कोण, तेवढं मला सांगा."

मी तिथेच स्टुलावर बसले होते. दुकान माझ्या धाकट्या भावाचं. संगणकाच्या पडद्यावर जे काही चित्र उमटतं ते ज्या कार्डाच्या जिवावर, ती ग्राफिक्स कार्डं इथे दुरुस्त होतात. हे काम तो इतकी वर्षं करतोय की लोक त्याला मास्तर म्हणतात. खरी मास्तरीण मी. परीक्षेच्या वर्गांतून फिरून जन्मभर कॉप्या पकडल्या, पण मला कुणी मास्तर म्हटलं नाही. मुलं मागून काय म्हणायची ते मला ठाऊक आहे.

त्याच सकाळी मी चार दिवस राहायला म्हणून आले होते. सामान घरी टाकून थेट दुकानात शिरले, तर धाकटा मान वर करून म्हणाला, "या, बसा. येईल तुमचा नंबर." मी म्हटलं, "धाकट्या, मी कार्ड दाखवायला नाही आले, तुला बघायला आलेय." तो जरा गडबडला, मग मोठ्यानं हसला, म्हणाला मस्करी केली ताई. दुकान हसलं. मीही हसले.

बाईंचं म्हणणं असं होतं. त्या लहान मुलांसाठी कार्टूनपट बनवतात. पडद्यावर रंगीत चौकोन नाचायला लागले म्हणून कार्ड इथे दिलं. दुरुस्त होऊन मिळालं, एक-दोन दिवस बरं चाललं आणि मग चौकोन दुपटीनं परत आले. चौकातल्या दुसऱ्या दुरुस्तीवाल्याकडे त्यांनी ते उघडून घेतलं. त्यानं सांगितलं, तुमची बिघडलेली चिप जागच्या जागी आहे. उलट दुसऱ्या बाजूची धडधाकट चिप काढून तिच्या जागी कुठली तरी जुनी बसवली आहे. असं काम चोरच करतो.

माझा भाचा काउंटर सांभाळतो. तो कपाळापर्यंत लाल झाला. त्यानं वडिलांना विचारलं, हे कुणी केलं. धाकटा फडक्यानं हात पुसत म्हणाला, "काम मी केलं होतं. बरोबर केलं होतं." आणि हात पुसतच राहिला.

मास्तरांनी बरोबर केलं होतं म्हणजे नंतर कुणीतरी बिघडवलं. दुकानात डाख देऊन चिप बसवता येते ती दोघांनाच. एक मास्तर, दुसरा घुम्या. घुम्या पलीकडच्या टेबलावर बसतो, कमी बोलतो म्हणून घुम्या. आधी तो दुसऱ्या एका दुकानात होता. तिथे चिपा नाहीशा झाल्या तेव्हा संशयावरून त्याला काढलं होतं. सिद्ध काही झालं नाही, पण डाग तो डाग. त्यानंतर त्याला कुणी दारात उभं करत नव्हतं. धाकट्यानं केलं.

भाचा सगळ्यांदेखत त्याला म्हणाला, "बाबा संध्याकाळी घरी गेले की तू त्यांनी तयार करून ठेवलेली कार्डं उघडतोस. कशाला उघडतोस, सांग."

घुम्यानं भाच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यानं मास्तरांकडे पाहिलं. मास्तर खाली बघत फडकं पिळत होते. मग घुम्यानं अंगावरचा एप्रन काढला, खिळ्याला अडकवला आणि तो जिना उतरून गेला.

बाईंनी कार्ड तिथेच ठेवलं. शनिवारी येईन म्हणाल्या. तोपर्यंत काय ते कबूल करा, नाहीतर पोलिसांत त्याच्या नावानं तक्रार देते. एकदा डागलेल्या माणसावर दुसऱ्यांदा तक्रार गेली असती, तर या शहरात त्याला कुणी स्क्रू पिळायलाही बोलावलं नसतं. हे दुकानातल्या प्रत्येकाला कळत होतं.

२

जेवताना धाकट्यानं ताटात नुसता हात फिरवला. मी म्हटलं, मी बघू का जरा यात लक्ष घालून. तो एकदम म्हणाला, "ताई, तू यात पडू नकोस."

मला एवढं पुरतं. नको म्हटलं की करायचं, हा माझा लहानपणापासूनचा आजार आहे.

कॉपी कशी पकडतात ते सांगते, कारण पुढे तेच कामाला आलं. बरोबर उत्तरांवरून कुणी पकडला जात नाही. बरोबर उत्तरं सगळ्यांची सारखीच असतात. चूक मात्र ज्याची त्याची असते. दोन पेपरांत एकच विचित्र चूक सापडली की मी दोघांना उभं करायचे, आणि एका पेपरात त्या मुलाला न शोभणारी चूक सापडली तरी उभं करायचे. त्या कार्डात कुणीतरी चूक केली होती. ती कुणाला शोभते एवढंच बघायचं होतं.

दुसऱ्या दिवशी धाकटा दुपारचा घरी पडायला गेला तेव्हा मी सूनबाईला गाठलं. भाच्याची बायको. आलेलं कार्ड तपासून बिघाड शोधायचा आणि दुरुस्त झाल्यावर पुन्हा चालवून बघायचं, हे तिचं काम. डाख तिला देता येत नाही, भाच्याला तर स्क्रू कुठल्या बाजूनं पिळायचा तेही आठवावं लागतं. मी म्हटलं, मला काही कळत नाही असं धर आणि पहिलीतल्या मुलीला सांगतात तसं सांग. "धरायला कशाला हवं आत्या," ती म्हणाली. पोरगी फटकळ आहे, म्हणून मला आवडते.

तिनं कार्ड उघडलं. वरचा पंखे लावलेला धातूचा जाड ठोकळा उचलला तेव्हा खाली हिरवी पाटी दिसली. मधोमध मोठी चिप, सगळा हिशेब तीच करते. तिच्याभोवती तीन बाजूंनी लहान काळ्या चिपा, यजमानाभोवती पाहुणे बसावेत तशा. या मेमरीच्या चिपा. चित्र पडद्यावर जाण्याआधी इथे मांडलं जातं. यातली एक जरी आजारी पडली की पडद्यावर चौकोन नाचतात. तिनं कार्ड चालवून बघितलं होतं तेव्हा संगणकानं सांगितलं होतं, तीन नंबर. तिनं मास्तरांना तोंडी सांगितलं, बाबा, तीन नंबर आहे.

"यातली तीन नंबर कुठली?" मी विचारलं.

तिनं भिंग माझ्या हातात दिलं. प्रत्येक चिपेच्या कडेला पाटीवर पांढऱ्या शाईत मुंगीएवढी अक्षरं छापलेली होती. तीन हा आकडा मला उजवीकडून तिसऱ्या चिपेशेजारी सापडला. ती चिप मुळात बसवली होती तशीच होती. जुनी चिप बसवलेली जागा बरोबर समोर होती, डावीकडून तिसरी.

सूनबाई म्हणाली, आतापर्यंतची बहुतेक कार्डं डावीकडून मोजायची. या नव्या कार्डात बनवणाऱ्यांनी आकडे उलटे टाकलेत. पण त्यानं काय बिघडतं, शेजारी लिहिलेलंच असतं की.

मग ती ठोकळा पुन्हा ठेवायला गेली, आणि मी तिचा हात धरला. चिपेची उष्णता ठोकळ्यात जावी म्हणून मध्ये रबरासारखी मऊ पट्टी लावतात. नवी पट्टी येते तेव्हा तिच्या दोन्ही बाजूंना पापुद्रा असतो, एका बाजूला निळा, दुसऱ्या बाजूला अगदी पारदर्शक. दोन्ही सोलून मग पट्टी लावायची. त्या बदललेल्या चिपेवरच्या पट्टीला काहीतरी चमकत होतं. सूनबाईनं नखानं ओढलं तर पारदर्शक पापुद्रा सुटून आला. तो तसाच राहिल्यामुळे खालची चिप भाजून निघाली होती.

माझ्या दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढलेत. तरी तो मला दिसला होता. सूनबाई पापुद्रा बोटावर धरून बघत बसली. तिचा चेहरा उतरला होता, आणि का उतरला ते तिनं मला सांगितलं नाही.

३

कार्टूनवाल्या बाईंचं काम त्यांच्या राहत्या खोलीतच चालतं. एका टेबलावर बंद संगणक, भिंतीवर एका सशाची शेकडो चित्रं, कान वर, कान खाली. मी कोण ते सांगितल्यावर त्यांनी मला बसायलाही सांगितलं नाही. माझी तक्रार नाही. मीही पालकांना बसायला सांगत नसे.

मी विचारलं, कार्ड तुम्हाला कुणी दिलं. मास्तरांनी स्वतः हातात दिलं, त्या म्हणाल्या. आदल्या संध्याकाळी तयार झालं होतं, सकाळी दुकान उघडत होतं तेव्हाच त्या गेल्या होत्या. आणि तो घुम्या तेव्हा कुठे होता, मी विचारलं. त्या म्हणाल्या, नव्हता. त्याच्या टेबलावर कापड टाकलेलं होतं. कार्ड द्यायला आदल्या दिवशी आल्या होत्या तेव्हाही कापडच होतं. भाच्यानं विचारल्यावर सांगितलं होतं, आई इस्पितळात आहे म्हणून सुट्टीवर आहे.

म्हणजे हे कार्ड दुकानात आलं, उघडलं गेलं, मिटलं गेलं आणि गेलं, आणि त्या सगळ्या वेळात घुम्या दुकानात नव्हताच. भाचा रागाच्या भरात हे विसरला होता. पण घुम्या स्वतः कसा विसरला? त्यानं एक वाक्य बोलायचं होतं, मी नव्हतो, एवढंच. तो बोलला नाही.

बाईंनाही ते आत्ताच उमगलं होतं. त्या खुर्चीच्या कडेवर टेकल्या आणि मला म्हणाल्या, बसा ना.

मी उठता उठता विचारलं, कार्डाबरोबर अजून काही मिळालं होतं का. एक छोटं पाकीट होतं, त्या म्हणाल्या. मास्तरांच्या दुकानाची ही पद्धतच आहे. काढलेला खराब भाग पाकिटात घालून गिऱ्हाइकाला परत द्यायचा, म्हणजे कुणाला शंका नको. बाईंनी ड्रॉवर उपसून ते शोधलं. आत एक काळी चिप. मी भिंग बरोबर आणलं होतं. चिपेवर जे लिहिलं होतं तेच कार्डावरच्या मूळच्या सगळ्या चिपांवर लिहिलेलं मी दुपारी पाहिलं होतं.

चोरीला गेलेली चिप चोरानं पाकिटात घालून मालकाला परत दिली होती.

"मग चोर कोण?" बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज आता खाली आला होता.

मी म्हटलं, चोर कुणीच नाही. त्यांना हायसं वाटलं असावं. मला मात्र त्या क्षणी आदल्या सकाळची मस्करी आठवली. या, बसा, येईल तुमचा नंबर.

४

घुम्या राहतो ती इमारत लांबोडकी आहे. वरच्या मजल्यावर एकच लांब सज्जा आणि त्यावर एकसारखी दारं, प्रत्येक दाराबाहेर चपला, बादल्या, वाळत घातलेले कपडे. मी पुढच्या जिन्यानं चढले. तिसऱ्या दारात तो आईचं औषध चमच्यात ओतत होता. मला पाहून उभा राहिला, पण आत या म्हणाला नाही.

मी म्हटलं, तू त्या दिवशी दुकानात नव्हतास, मला कळलंय. चिपही चोरीला गेली नाही, तीही सापडली. मग तू कार्डं कशासाठी उघडायचास तेवढं सांग, मी म्हटलं, म्हणजे सगळं मिटलं.

त्यानं दार ओढून घेतलं, आईला ऐकू जाऊ नये म्हणून असेल. "आत्याबाई," तो म्हणाला, "मी चोरी केली नाही एवढं तुम्हाला पटलंय ना? मग झालं. बाकीचं विचारू नका."

"आणि पोलिसांत नाव गेलं तर?"

तो पायाच्या अंगठ्यानं फरशी घासत राहिला. जेव्हा त्याला कुणी दारात उभं करत नव्हतं, तेव्हा मास्तरांनी त्याला स्वतःची बंदूक हातात दिली होती, असं तो म्हणाला. गरम हवेची बंदूक, जिनं चिप सुटते. ती कारागीर दुसऱ्याला हात लावू देत नाही. एवढं बोलून तो आत गेला. घुम्याच्या मानानं ते भाषणच होतं.

जिना उतरताना मला सगळं उत्तर येत होतं. परीक्षेत ज्या क्षणी मला उत्तर यायचं, त्या क्षणी मी आनंदानं बूट वाजवत त्या बाकाकडे जायचे. आज उत्तर आलं होतं आणि घरी जाऊ नये असं वाटत होतं.

५

तरी मी शनिवारी ते दुकानातच केलं, सगळ्यांसमोर. याचं मला आजही समर्थन करता येत नाही. घरी बाजूला घेऊन विचारता आलं असतं. पण घुम्याला सगळ्यांसमोर चोर म्हटलं होतं, तर खरं काय तेही सगळ्यांसमोरच निघालं पाहिजे, असं मी मनाशी म्हटलं. शिवाय खरं सांगायचं तर सवय. बाकावरच उभं करायची सवय.

बाई आल्या होत्या. भाचा, सूनबाई, धाकटा, चार गिऱ्हाइकं. मी आधी पाकीट दाखवलं आणि चोरी झालीच नाही ते सांगितलं. काढलेली चिप बाईंकडेच होती आणि तिच्या जागी बसवलेली दुकानातल्याच जुन्या कार्डावरची होती. तशा चांगल्या चिपा सगळेच कारागीर वापरतात. म्हणजे कुणीतरी दुरुस्तीच करायला बसलं होतं, फक्त चुकीच्या चिपेची. मग घुम्या त्या वेळी दुकानात नव्हता ते बाईंनी स्वतः सांगितलं.

"आता चूक बघा," मी म्हटलं. "तीन नंबर बदलायची होती. ती उजवीकडून तिसरी. बदलली गेली डावीकडून तिसरी. शेजारी आकडा छापलेला आहे. ज्यानं तो वाचला असता त्याच्या हातून ही चूक झाली नसती. ही चूक फक्त मोजणाऱ्याची. वर्षानुवर्षं डावीकडून मोजलेल्या माणसाची, ज्याला आता वाचता येत नाही."

मी कार्ड उचललं आणि धाकट्याच्या हातात ठेवलं. "धाकट्या, या चिपेशेजारी काय लिहिलंय, वाच."

त्यानं ते जवळ घेतलं, लांब धरलं, तिरकं केलं. त्याची बोटं कडेवरून फिरत राहिली.

"चष्मा घरी राहिलाय," तो म्हणाला.

चष्मा त्याच्या नाकावर होता.

कुणी हसलं नाही. मला वाटलं होतं तो रागावेल, मला दोन शब्द सुनावेल. त्यानं नुसता हात नाकापर्यंत नेला, चष्मा चाचपला आणि काढून काउंटरवर ठेवला. माझा भाऊ, ज्याला मी कडेवर घेऊन फिरवलंय, तो मी पकडलेल्या एखाद्या मुलासारखा माझ्यापुढे उभा होता. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. असं म्हणतात ते उगाच नाही म्हणत.

"मधोमध डाग आहे," तो म्हणाला. "जिथे बघावं नेमकं तिथेच. कडेचं दिसतं, म्हणून चालता-फिरता येतं. डॉक्टर म्हणाले, हे आता भरून यायचं नाही. कुणाला सांगू? बोटांना सगळं ठाऊक आहे असं वाटत होतं."

मग म्हणाला, "त्या दिवशी बाई बोलल्या तेव्हाच मला शंका आली होती. आणि मी म्हटलं, काम बरोबर केलं होतं. तो माझ्याकडे बघत होता. तेवढंही मला नीट दिसलं नाही, पण कळलं."

सूनबाई रडायला लागली. दुरुस्त झालेलं कार्ड चांगलं तापेपर्यंत चालवून बघायचं असतं, म्हणजे लपलेला बिघाड बाहेर येतो. घुम्याचं प्रत्येक कार्ड ती तसं चालवायची. मास्तरांचं मात्र चालू होतंय एवढं बघून बंद करायची. मास्तरांचं काम तपासत बसणं म्हणजे त्यांचा अपमान, असं या घरात सगळ्यांना वाटायचं. त्या दिवशी नीट चालवलं असतं तर इथेच कळलं असतं, ती म्हणाली. घुम्या कार्डं उघडतो हेही नवऱ्याला तिनंच सांगितलं होतं. बाई रुमाल चुरगळत होत्या. भाचा खिळ्याला टांगलेल्या एप्रनकडे बघत होता. एका दुकानात इतकी माणसं एकाच वेळी मान खाली घालून उभी राहिलेली मी कुठल्याही परीक्षेत पाहिली नाहीत.

मला वाटलं संपलं. पण धाकट्यानं मान वर केली.

"ताई, एक चुकतंय," तो म्हणाला. "डाग काही या आठवड्यातला नाही. इतक्यात मी कितीतरी कार्डं केली. पापुद्रे राहिले असतील, चिपा चुकल्या असतील. मग ती परत का आली नाहीत? हेच एक का आलं?"

मी उत्तर दिलं नाही. मला ते येत होतं, पण त्या दिवशी मला आणखी एकही उत्तर द्यायचं नव्हतं.

त्यालाच ते सापडलं. मला ते त्याच्या चेहऱ्यावर चढताना दिसलं. हे एक कार्ड झालं तेव्हा घुम्या सुट्टीवर होता. बाकी प्रत्येक संध्याकाळी तो दुकानात होता, मास्तर घरी गेल्यावर, मास्तरांची कार्डं उघडत.

"तो पुसत होता," धाकटा म्हणाला. "माझं सगळं तो पुसून पुन्हा लिहीत होता. आणि मी त्याला पैलतीरी लावल्याच्या थाटात वावरत होतो."

६

त्यानं कार्ड त्याच रुमालात गुंडाळलं. बाईंनी रुमाल राहू दे म्हटलं. भाचा गाडी काढतो म्हणाला, तर धाकट्यानं त्याला बसवलं. तू उद्या तुझ्या पायानं जा, म्हणाला, तुझी माफी तुझी. मी बरोबर निघाले तेव्हा त्यानं मला अडवलं नाही, पण वाटेत एवढंच म्हणाला, "आज तू काही सांगायचं नाहीस, ताई. हात धरायचा नाही, वाट दाखवायची नाही. खूप दाखवलीस."

मी कबूल झाले. इमारतीच्या अंगणात पोचल्यावर त्यानं विचारलं, कितवं दार. मी म्हटलं, वरच्या मजल्यावर, तिसरं. तो म्हणाला, तू इथेच थांब.

पुढचा जिना कुणीतरी धुवायला काढला होता, पाणी खळखळत खाली येत होतं. तो आवाजाला बिचकला आणि बाजूनं चाचपत मागच्या जिन्याकडे गेला. तो अर्ध्यावर चढला तेव्हा माझ्या लक्षात आलं. मागच्या जिन्यानं चढलं की सज्ज्याचं दुसरं टोक येतं. तिसरं दार त्या टोकाकडून तिसरं नव्हतं.

हाक तोंडापर्यंत आली होती. मी ती गिळली. वचन दिलं होतं म्हणून, असं मला सांगायला आवडेल. खरं म्हणजे पुन्हा एकदा चारचौघांत त्याची चूक सांगायची मला हिंमत झाली नाही.

खालून मला सगळा सज्जा दिसत होता. धाकटा भिंतीला हात लावून एक दार, दुसरं दार असं करत तिसऱ्याशी थांबला. त्यानं शर्ट नीट केला. दार वाजवलं. दार उघडलं तेव्हा आत कोण आहे याची वाट न बघताच तो बोलायला लागला, थांबलो तर बोलणं होणार नाही अशा घाईनं आणि सबंध सज्ज्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

"चूक माझी होती. चिप मी चुकीची काढली. मला दिसत नाही, आणि तुला ते ठाऊक होतं, आणि तू माझी लाज झाकलीस. आणि त्या दिवशी तुला चोर म्हणत होते तेव्हा मी हात पुसत उभा राहिलो. मला लाज वाटते. तू ये परत, नाहीतर नको येऊस, पण हे मी तुझ्या तोंडावर सांगायला आलोय."

दारात कुणी अनोळखी जाड गृहस्थ होते, गालाला साबण लावलेले, हातात दाढीचा ब्रश. ते काय बोलणार. एकेक करून दारं उघडली. बायका, पोरं, म्हातारे बाहेर आले आणि बघत राहिले. धाकटा दोन्ही हातांनी रुमालातलं कार्ड त्या गृहस्थांपुढे धरून उभा होता, आणि ते घेत नाहीत म्हणून त्याची मान खाली खाली जात होती.

सज्ज्याच्या त्या टोकाला घुम्याही बाहेर येऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो धावला नाही, हाक मारली नाही, मास्तरांना पुरतं बोलू दिलं. मग चपला न घालताच शेजाऱ्यांमधून वाट काढत आला, त्या गृहस्थांना मानेनं आत जा म्हणून खुणावलं आणि मास्तरांच्या हातातलं कार्ड घेतलं.

"मास्तर," तो म्हणाला, "या बाजूनं मोजायचं."

धाकटा आवाजाकडे वळला. कुठे बघावं ते त्याला कळेना. मग त्यानं कार्ड गेल्यामुळे मोकळा झालेला हात पुढे केला आणि म्हणाला, "धर मग."

घुम्यानं तो धरला, आणि दोघं प्रत्येक उघड्या दारावरून सावकाश चालत पलीकडे गेले.